अकरा घरांचा नकाशा

रकाना १ : इसमाचे पूर्ण नाव

शेख जहीर शेख करीम. इथपर्यंत स्वातीने भरलं आणि पेनाला टोपण लावलं.

कोसमटोल्याची पोलीस पाटील होऊन तिला चार वर्षं झाली होती. बांबू बघायला आलेले व्यापारी, मुळ्या गोळा करणारे वैदू, एकदा तर फुलपाखरांचे फोटो काढत फिरणारी दोन पोरं, गावात जो कोणी नवखा दिसेल त्याचा ‘अनोळखी इसमाबाबत माहिती’ असा छापील कागद भरायचा आणि गुरुवारी बाजाराला जाताना पोलीस मदत केंद्रावर द्यायचा. एका दमात भरून व्हायचा. हाच एक कागद अडला होता, आणि गुरुवार उद्यावर आला होता.

मदत केंद्रावरच्या साहेबांचा फोन सोमवारी आला होता. “बाई, तीन महिने एक माणूस तुमच्या गावात राहतो, पायी फिरतो, वहीत काहीतरी लिहितो. आणि मला हे तेंदूच्या ठेकेदाराकडून कळतं? गुरुवारी कागद पाहिजे. नाहीतर मीच येतो.”

साहेब येतो म्हणजे वीस-पंचवीस वर्दीवाले येतात. ते गेले की गाव विचारतं, यांना कोणी बोलावलं? पूर्वी अशा प्रश्नाचं उत्तर जंगलातून यायचं आणि सकाळी रस्त्यावर पडलेलं दिसायचं. ते दिवस सरले म्हणतात. सरलेही असतील. बंदुका कमी झाल्या, नजरा तशाच राहिल्या.

रकाना २ : वय, बांधा, खुणा

एकोणऐंशी, स्वतः सांगितल्याप्रमाणे. उजवा पाय आखूड.

रकाना ३ : व्यवसाय

सेवानिवृत्त. कशातून, ते लिहावं की नाही इथे तिचा हात थांबला.

पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्याने स्वतःच सांगितलं होतं. हँडपंपावर पाच-सहा जणी होत्या. गावची आशा कार्यकर्ती असलेल्या रिनाने तोंडावर विचारलं, “चाचा, नोकरी काय होती तुमची?”

“हवाई दलात होतो, बाई. बाँबर विमानात.”

“विमान चालवत होते?”

“नाही. चालवणारा दुसरा. मी नकाशा बघून सांगायचो, आपण कुठं आहोत, कुठं वळायचं, कुठं टाकायचं.”

“म्हंजे कंडक्टर!” रिना म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तोही हसला. मग घागर उचलून देता देता, कधीतरी कावीळ झाली होती असं सांगावं तसं म्हणाला, “एकाहत्तरच्या लढाईत विमान पडलं. वर्षभर पाकिस्तानात कैदेत होतो.”

त्या दिवसापासून हसणं बंद झालं.

“सोडतेत का वं असे फुकट?” मोहफुलं वेचता वेचता रिना कुजबुजली. “काहीतरी कबूल करून आला असन.”

“पन्नास वर्ष झाली, रिना. आता काय कबूल करते?”

“तेच तं. मंग आता काऊन आला? मूल गावाले घर हाय म्हनते, पोरगा चंद्रपुरात हाय म्हनते. सोडून इथी काय मोहाची भाजी खाले आला?”

स्वाती टोपली घेऊन पुढच्या झाडाखाली गेली.

रकाना ४ : मुक्कामाचे ठिकाण

बंद पडलेल्या शाळेची शिक्षक-खोली. ग्रामसभेची परवानगी तोंडी.

रकाना ५ : दैनंदिन हालचाली

या रकान्याला छापणाऱ्याने दोनच ओळी दिल्या होत्या. स्वातीला दोन पानंही पुरली नसती.

म्हातारा उजाडताच निघायचा. गावाची बैठक भरते त्या गोटुलापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून मोठ्या मोहापर्यंत, मोहापासून परत. ओठ हलत असायचे. आधी सगळ्यांना वाटलं, नमाज पुटपुटतो. मग शाळेशेजारच्या झिंगूच्या सुनेने कान देऊन ऐकलं, तर तो आकडे म्हणत होता. पावलं मोजत होता. एका जागी थांबायचा, सूर्याकडे बघायचा, वहीत लिहायचा, मान हलवायचा आणि पुन्हा पहिल्या जागेपासून सुरू करायचा.

हेलिकॉप्टर गेलं की तो जिथे असेल तिथे उभा राहायचा. वर बघायचा नाही. डोळे मिटून कान द्यायचा आणि आवाज विरला की वेळ लिहायचा. हे स्वातीने स्वतः पाहिलं होतं, दोनदा. हेलिकॉप्टरच्या वेळा कोणाला लागतात, हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

~~इसम हेलिकॉप्टरच्या वेळा नोंदवतो.~~ लिहिलं आणि खोडलं. एवढं वाक्य वाचून साहेब गुरुवारची वाटही बघणार नाही.

रकाना ६ : गावातील कोणाशी पूर्वसंबंध

नाही.

हे मात्र खोटं होतं, निदान पूर्ण खरं नव्हतं. त्याचं मूळ त्याच्या येण्याच्या दुसऱ्याच दिवशीचं.

तो स्वातीच्या अंगणात आला होता. “पाटीलबाई, या गावात पोचू नावाचा कोणी होता का? पोचू पुंगाटी. फौजेत होता.”

“नाई,” स्वाती म्हणाली. विचार करायला वेळ लागलाच नाही. बाहेरच्या माणसाने नाव घेऊन विचारलं की नाई म्हणायचं, हे कोसमटोल्यात चालायला शिकण्याआधी शिकवलं जातं. नाव घेऊन विचारणारा चांगल्या कामाला आला, असं कोणाच्या आठवणीत नव्हतं. त्याने पुढे झिंगूला विचारलं, गावच्या पुजाऱ्याला, गायत्याला विचारलं. सगळ्यांनी एकमेकांशी न बोलता तेच सांगितलं.

पोचू म्हणजे स्वातीच्या आजोबांचा, देवाजीचा, थोरला भाऊ. फौजेत गेला तो गेलाच. मेला म्हणावं तर कागद नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. कोसमटोल्यात माणूस मेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात, मग तो आपल्या आधीच्यांत जाऊन बसतो. पोचूचा दगड नव्हता. आणि थोरल्याचा लागल्याशिवाय धाकट्याचा लावायचा नाही, अशी घरची रीत. देवाजी आता चौऱ्याहत्तरचा होता, त्याला दम लागायचा, आणि स्वतःच्या दगडाचा विषय निघाला की तो उठून बैलांकडे जायचा.

अशा घरातल्या, अशा नावाची चौकशी हा परका कशाला करतो?

जोडपत्र (असल्यास)

बुधवारी दुपारी म्हातारा ओढ्याकडे गेल्यावर स्वाती त्याच्या खोलीत शिरली. चोरी म्हणा, तपास म्हणा. वही उशीखाली होती.

*०६४०. हेलि. आग्नेय–वायव्य. २ मि. १० से. ऐकू येत होते.*

*ओढा ते पहिले घर ३१२ पावले. हवी होती १४०. जुळत नाही.*

*ओढा उजव्या हाताला हवा. डाव्या हाताला आहे.*

पानामागून पानं हेच. शेवटी, जुना, पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद. त्यावर पेन्सिलीने काढलेला नकाशा. ओढा, पायवाटा, एक मोठं झाड, आणि अकरा चौकोन. प्रत्येक चौकोनात नाव. इरपा. मासा. लालसू. डुंगा. नऊ नावांपुढे फुली.

स्वाती खाली बसली. अकरा घरांची अशी वस्ती तिच्या माहितीतल्या कुठल्या गावात नव्हती. ओढ्याच्या असल्या वळणावर फक्त जंगल होतं. मग जंगलात अकरा झोपड्या कोणाच्या? आणि नावांपुढे फुल्या? तिच्या लहानपणी असल्या यादीचा कागद एका झाडावर डकवलेला तिने पाहिला होता. त्यातल्या दोघांना ती मामा म्हणायची.

तिने वही मिटली नाही. मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

म्हातारा आला. तिला पाहिलं, वही पाहिली आणि दारातच थांबला. त्याचे दोन्ही हात अंगापासून थोडे दूर झाले, तळवे पुढे. कोणी सांगितल्यासारखे.

“वाचली?” त्याने विचारलं.

“हे कोनतं ठिकान हाय, चाचा?”

“तेच विचारत तीन महिने फिरतोय मी.”

“फुल्या कशाच्या?”

“त्या नावाचा कोणी नाही, असं ज्याच्याबद्दल कळलं त्याला फुली. नऊ जणांबद्दल विचारून झालं. दोन राहिलेत.”

“कोनी देल्ली ही नावं?”

तो उंबऱ्यावर बसला, आखूड पाय लांब करून. आणि सांगू लागला, मधे मधे थांबत.

विमान पडल्यावर त्याला छावणीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर पोटात गोळी लागलेला एक शिपाई. तापात बडबडायचा, ती बोली पहारेकऱ्याला कळेना, डॉक्टरला कळेना. जहीरच्या वडिलांचं मूलच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. जंगलातली माणसं यायची, त्यामुळे त्याला चार शब्द येत होते. पाणी. मीठ. किती. घर. तेवढ्यावर दोस्ती झाली. ताप उतरला की शिपाई मोडकं मराठी बोलायचा.

“झोप दोघांनाही नव्हती. मी त्याला विचारायचो, घरातून निघालास, उजवीकडे काय? तो सांगायचा. पुढं किती पावलं? तो डोळे मिटून चालून यायचा आणि सांगायचा. माझं कामच होतं ते. सव्वा दोन महिन्यांत गाव तयार झालं. एका सकाळी तो दहाव्या घरापाशी थांबला. डुंगाच्या. पुढं बोललाच नाही.”

“अन् अकरावं?”

“ते त्याचं स्वतःचं. पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.”

स्वातीने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. गोष्ट चांगली होती. चांगली गोष्ट सांगणारे तिने बरेच पाहिले होते, वर्दीतले आणि बिनवर्दीतले. मेलेल्यांची नावं कुठूनही मिळतात.

“मंग पन्नास वर्ष कायले लागली?”

“सुटल्यावर मी कळवलं होतं. उत्तर आलं, त्या गावी चौकशी केली, असा कोणी इसम नाही. मला वाटलं, गावाचं नाव मीच चुकीचं धरलं. नोकरी, बायको, पोरं... राहून गेलं. बायको गेल्यावर म्हटलं, स्वतः जाऊन बघावं. आलो. तुम्हाला विचारलं. तुम्हीही नाहीच म्हणालात.”

“तुमाले वाटत होतं गाव हेच हाय, तं कोनाले बी सांगून टाकाचं होतं.”

म्हाताऱ्याने पहिल्यांदा आवाज चढवला. “जुळत नव्हतं ना! ओढा उलट्या हाताला आहे, बाई. न जुळणाऱ्या नकाशावर मी एकदा बोट ठेवलंय. खाली धावपट्टी असायला हवी होती. नदीचं वळण नकाशात होतं, खाली नव्हतं. तरी मी म्हणालो, हेच. टाक. मग आमचंच विमान पडलं, मला पकडलं, आणि नेताना त्याच रस्त्याने नेलं. वीटभट्टी होती ती. माणसं विटा उपसून माणसं शोधत होती.” तो थांबला. “चुकीच्या घरी मरणाची बातमी टाकून मला जायचं नाही.”

हेलिकॉप्टरच्या वेळांचं तिने विचारलं. तो ओशाळला. “ते नुसतंच. कोठडीत खिडकी नव्हती. विमानांच्या आवाजावरून दिशा लावायचो. सवय गेली नाही.”

पटलं? अर्धं. उरलेल्या अर्ध्यासाठी स्वातीने तो पिवळा कागद उचलला. “चला.”

रकाना ७ : साक्षीदार

देवाजी अंगणात बांबूच्या काड्या सोलत होता. हा आपला आजोबा, हे स्वातीने म्हाताऱ्याला सांगितलं नाही. आजोबालाही काही सांगितलं नाही. कागद फक्त समोर धरला.

“आबा, हे काय हाय?”

देवाजीला वाचता येत नव्हतं. त्याने कागद उलटा धरला, मग सुलटा, मग आडवा. बोट ओढ्यावरून फिरलं. वळणाशी थांबलं. झाडाशी गेलं.

“हा मोठा आंबा. इजेनं जळला तो.” बोट पुढे. “हे इरपाचं. हे मासाचं, त्याची बायको भांडकुदळ...” आणि एकदम त्याने बोट उचललं. नजर जहीरकडे गेली. चेहरा झाकण लावल्यासारखा बंद. “मले काई ठाव नाई.”

“आबा.”

“नाई म्हनलं ना तुले!”

“पोचूआजाचं सांगाले आला हाय तो मानूस.”

देवाजीच्या हातातली काडी तशीच राहिली. मग तो उठला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि ओढ्याकडे चालू लागला. मागे वळून म्हणाला, “नकाशा बरोबर हाय. गावच उठून इकडं आलं. देवीची साथ आली, सात मानसं गेली, मंग तिकडचं गाव सोडलं. पोचू फौजेत गेला, त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. त्याले तरी कुठी ठाव होतं?”

जहीर जागच्या जागी उभा राहिला. “गाव हललं,” तो स्वतःशीच म्हणाला. नद्या, डोंगर, वारा, सगळं चुकू शकतं हे त्याला शिकवलेलं होतं. गाव उठून चालू लागतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

ओढा ओलांडल्यावर त्याने मोजायला सुरुवात केली. सागाची दाटी, वाळलेला पाला, पायाखाली मधेच फुटक्या मडक्याचा तुकडा. एकशे चाळिसाव्या पावलाला पहिल्या घराचा मातीचा ओटा लागला, झाडाच्या मुळांनी उचललेला. जहीरचा श्वास जोरात होत होता. इरपा. मासा. लालसू. प्रत्येक ओट्याशी तो थांबे, आणि देवाजी न बघता मान हलवे. शेवटच्याशी दोघंही थांबले.

“चूल इथं, उजवीकडे,” जहीर म्हणाला.

“डावीकडे.”

स्वातीची नजर जहीरच्या चेहऱ्यावर खिळली.

त्याने वही काढली, बघितली. “उजवीकडे सांगितलं त्याने.”

“माह्या घरची चूल मले सांगते का? मी इथी बसत होतो, आईपाशी. डावीकडे.”

“तुम्ही आत बसलेले होता. तो दारातून आत येत होता.”

देवाजी ओट्यावर टेकला. छाती भात्यासारखी हलत होती. “त्र्याहत्तर साली एक मानूस आलता कागद घेऊन,” तो पालापाचोळ्याकडे बघत बोलू लागला. “नव्या गावात आलता. पोचू पुंगाटी कोनाचा, म्हने. मले वाटलं पोचू फौजेतून पळाला, त्याले धराले आले. मी म्हनलं नाई, असा कोनी नाई इथी. माह्यामागून सगळं गाव म्हनलं. तो गेला कागद घेऊन. मी घरी येऊन आईले सांगतलं, वाचवलं म्हनलं भावाले.”

हे स्वातीने कधी ऐकलं नव्हतं. आजीनेही ऐकलं नसावं.

“एक सांग, भाऊ,” देवाजी म्हणाला. “माहं नाव घेतलं का त्यानं? देवाजी. धाकटा भाऊ.”

काय उत्तर द्यायचं ते दुधपितं लेकरूही सांगेल. खोटा माणूस हो म्हणेल. खरा माणूसही दया येऊन हो म्हणेल. जहीरने वही चाळली नाही. त्याला चाळायची गरज नसावी.

“नाही,” तो म्हणाला. “आईचं घेतलं. कुत्र्याचं घेतलं. भाऊ आहे, हेही मला आत्ता कळतंय.”

देवाजी बघत राहिला. मग त्याच्या घशातून घरघर आली, स्वाती धावली, पण ती घरघर म्हणजे हसणं होतं.

“तोच हाय! तोच हाय, पोरी! मासे धराच्या जाळ्यावरून भांडलो आमी. जाळं मी फाडलं. म्हनला, मरेपर्यंत नाव घेनार नाई तुहं.” त्याने टॉवेलने तोंड पुसलं, पुसतच राहिला. “नाई घेतलं हरामखोरानं.”

रकाना ८ : पोलीस पाटलाचा अभिप्राय

गुरुवारी स्वाती जहीरला स्कूटीवर मागे बसवून मदत केंद्रावर घेऊन गेली. वाळूच्या पोत्यांमागच्या छोट्या खोलीत टेबल होतं, अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. खुर्ची पाहून म्हातारा वेगळाच झाला. पाठ ताठ, नजर भिंतीवरच्या एका बिंदूवर.

“नाव?” साहेबाने विचारलं.

जहीरने नाव सांगितलं.

“इथे कशासाठी आलात?”

जहीरने हुद्दा सांगितला.

“मी काय विचारतोय?”

जहीरने नंबर सांगितला. आकडा-आकडा तोडून. युद्धकैद्याने सांगायचं असतं तेवढंच.

साहेबाने स्वातीकडे पाहिलं. “हे काय चाललंय, बाई?” उत्तराची वाट न बघता त्याने वहीची पानं उलटून एकेकाचा मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली. नकाशाचे तीन काढले. “ही फुल्या मारलेली नावं घेऊन मी वर काय सांगू? म्हाताऱ्याने गोष्ट सांगितली, दुसऱ्या म्हाताऱ्याला हसू आलं?”

तसं बघितलं तर एवढंच होतं. रात्रभर स्वातीने स्वतःही हाच प्रश्न उलटसुलट केला होता. हातात पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. चूल कोणत्या हाताला, एवढंच.

“लिहून देता तुम्ही?” साहेब म्हणाला. “उद्या काही निघालं तर सही तुमची असेल. नोकरी जाईल, आणि नोकरीवर भागलं तर नशीब.”

तिने कागद पुढे ओढला. सहाव्या रकान्यातलं ‘नाही’ खोडलं आणि लिहिलं : *आहे. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाला या इसमाने मरताना पाहिले आहे.* खाली सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

“मुक्काम किती दिवस?”

“दगड लागेपर्यंत, सायेब. पोचूआजाचा दगड उभा कराचा हाय. मरताना ज्यानं पाह्यलं त्यानं आधी हात लावाचा असते.”

“किती दिवस लागतात त्याला?”

“आधी दगड शोधाचा. आमच्या घरी मानसाएवढाच लागते. आबा म्हनते, पोरगा होता तेव्हाचा ठाव हाय, फौजेत किती वाढला ते ठाव नाई.” ती जहीरकडे वळली. “हेच सांगतीन, किती उंच होता.”

साहेबाने पेन धरून म्हाताऱ्याकडे बघितलं. भिंतीवरची नजर हळूहळू खाली आली, टेबलावर, वहीवर, मग स्वातीवर.

“मला नाही सांगता येणार,” जहीर म्हणाला. “मी त्याला उभा कधी पाहिलाच नाही.”